निमरूदचे हस्तिदंत: तुकडा उलटा करून पाहा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये तुम्ही निमरूदचे, म्हणजे इराकमधल्या प्राचीन ॲसिरियन साम्राज्याच्या एका शहरातले कोरीव हस्तिदंत पाहिले. शेजारी सगळं ॲसिरियन, पण या तुकड्यांवर इजिप्तसारखी माणसं, कमळं, स्फिंक्स. बरेच तुकडे पांढरे नव्हतेच, करडे नाहीतर काळे होते. ते कशासाठी बनवले, हे पाटी वाचूनही कळलं नाही. आणि जावयांना असाच एक 'ॲसिरियन' तुकडा ऑनलाइन विकायला दिसला आहे, तो घ्यावा का.

मी गेली सव्वीस वर्षं हस्तिदंत, हाड आणि शिंगाच्या जुन्या वस्तू जतन करण्याचं काम करते. निमरूदच्या तुकड्यांवर माझा हात पडलेला नाही, पण त्या कपाटांपुढे मी कित्येक दिवस घालवले आहेत. तुमचं कोडं फार जणांना पडतं. तुकडे भिंतीवरच्या चित्रांसारखे समोरून मांडलेले असतात, त्यामुळे आपण त्यांना चित्रं समजतो. माझा सल्ला असा की मनातल्या मनात प्रत्येक तुकडा उलटा करा. पाठीमागे खाचा दिसतात, खुंटीची भोकं दिसतात, कडेला लाकडात घुसवायची जीभ दिसते आणि कधी कधी एखादं अक्षर कोरलेलं असतं. ही सुतारकामाची अंगं आहेत. बहुतेक तुकडे खुर्च्या, पलंग, पादपीठं आणि मेजांना जडवलेले होते. लाकूड अडीच-पावणेतीन हजार वर्षांत कुजून गेलं, उरला तो त्यावरचा दागिना.

पाठीवरची अक्षरं बहुतेक फिनिशियन-अरामी वळणाच्या लिपीतली आहेत, म्हणजे भूमध्य समुद्राकडच्या प्रदेशातली. आपल्याकडे जुना वाडा उतरवताना सुतार प्रत्येक तुळईवर, खांबावर आकडे घालतात, म्हणजे दुसरीकडे उभा करताना गोंधळ होत नाही. त्या अक्षरांचं कामही बरंचसं तेच: हा तुकडा या खाचेत, तो त्याच्या शेजारी. बसवणाऱ्या कारागिराची ती खूण. ॲसिरियाच्या दरबाराची जुनी लिपी कीलाक्षरी, म्हणजे ओल्या मातीत खिळ्यासारख्या खुणा दाबून लिहायची, पण पुढे तिथे अरामी लिहिणारे कारकूनही होते. म्हणजे नुसत्या अक्षरांवरून जागा ठामपणे सांगता येत नाही, पण कारागिरांची परंपरा पश्चिमेकडची होती याकडे ती बोट दाखवतात.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. 'ॲसिरियन' हा शब्द मालकाचा पत्ता सांगतो, कारागिराचा नाही.

निमरूद म्हणजे प्राचीन काल्हू, आजच्या इराकमध्ये, मोसूलपासून साधारण ३० किलोमीटरवर, तैग्रिस नदीच्या खोऱ्यात. दुसरा अशुरनासिरपाल (इ.स.पू. ८८३ ते ८५९) याने तिथे राजधानी नेली. १९५१ साली सापडलेल्या त्याच्या शिलालेखात राजवाड्याच्या वास्तुशांतीची हकिकत आहे. दहा दिवस जेवणावळी चालल्या आणि पाहुणे ६९,५७४, असा आकडा त्याने कोरून ठेवला आहे. त्याच्या आणि त्याच्यामागून आलेल्या राजांच्या बखरींत खंडणीच्या याद्या येतात, आणि त्यांत हस्तिदंत पुन्हा पुन्हा भेटतो. कार्केमिशच्या राजाने हस्तिदंत जडवलेलं सामान आणि हत्तीचे सुळे दिले. दमास्कसहून हस्तिदंती पलंग आला. इ.स.पू. ७०१ मध्ये जेरुसलेमचा राजा हिज्किया याने ॲसिरियाचा राजा सेन्नाखेरिब याला पाठवलेल्या खंडणीत हस्तिदंती पलंग आहेत, हस्तिदंती खुर्च्या आहेत, हत्तीची कातडी आणि सुळेही आहेत. दमास्कसचा राजा हजाएल याचं नाव कोरलेला हस्तिदंत उत्तर सीरियातल्या अर्सलान ताश इथे मिळाला आहे. म्हणजे एका राजाच्या घरचं सामान उचलून दुसऱ्याच्या घरी गेल्याची खूण प्रत्यक्ष वस्तूवरच राहिली.

आता कपाटासमोर उभं राहून कोणता तुकडा कुठला हे कसं ओळखायचं? १९१२ साली फ्रेडरिक पौल्सन या डॅनिश अभ्यासकाने यांत फिनिशियन आणि सीरियन अशी दोन घराणी वेगळी काढली. पुढे रिचर्ड बार्नेट, आयरीन विंटर आणि जॉर्जिना हरमन यांनी ती वाटणी आणखी बारीक केली. माझ्या डोळ्याला जे पटकन दिसतं ते सांगते.

तुम्हाला इजिप्तची वाटलेली माणसं बहुधा फिनिशियन हातची, म्हणजे टायर-सायडनसारख्या किनाऱ्यावरच्या शहरांच्या परंपरेतली. अंगकाठी सडपातळ, उंची भरपूर, दोन बाजू एकमेकींचं प्रतिबिंब असल्यासारख्या, आणि आकृतीभोवती मोकळी जागा सोडलेली. इजिप्तचा दुहेरी मुकुट, पंखवाली सूर्यचकती, कमळ, सगळं आहे. पण राजाचं नाव लिहायच्या लंबगोल चौकटीतली चित्राक्षरं वाचायला गेलं तर बऱ्याचदा अर्थच लागत नाही. कारागिराला ती भाषा येत नव्हती. त्याला हवं होतं ते इजिप्तचं राजेशाही रूप, आणि ते त्याने इतक्या सफाईने उचललं की आजही आपण फसतो.

उत्तर सीरियाचं काम याच्या उलट. चेहरे गोल आणि समोर बघणारे, डोळे मोठे, कपाळ अरुंद, आणि आकृती चौकट भरून टाकते, श्वास घ्यायला जागा नाही. जनावरांच्या मांडीवर स्नायू दाखवायला ज्वाळेसारखी रेघ काढलेली दिसली की हे घराणं ओळखावं. मला स्वतःला हे काम जास्त आवडतं. त्यात जोर आहे. दोन्हींच्या मधलं, दोन्हीकडचं घेतलेलं असंही बरंच काही आहे, आणि तिथे जाणकारही वाद घालतात.

खरं ॲसिरियन काम संख्येने थोडं आहे. ते बहुधा सपाट पट्ट्यांवर बारीक रेघांनी कोरलेलं असतं: झालरीच्या वस्त्रातला राजा, खंडणी घेऊन येणारी रांग, युद्ध, पंखवाले रक्षक. राजवाड्याच्या दगडी भिंतींवर जे मोठं कोरलं तेच इथे लहान करून. त्या दगडी कामाचे खरे नमुने बघायला लंडनलाच जावं लागतं असं नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात निमरूदहून आलेले ॲसिरियन शिल्पपट आहेत. तिथे एकदा वस्त्राच्या झालरी आणि दंडाचे स्नायू नीट पाहून घ्या, मग हस्तिदंतांच्या ढिगातून ॲसिरियन तुकडा तुमचा तुम्हीच वेगळा काढाल.

कशासाठी, या प्रश्नाला सगळ्यात चांगलं उत्तर म्युझियममध्येच आहे. अशुरबानिपाल या नंतरच्या ॲसिरियन राजाचा तो प्रसिद्ध शिल्पपट शोधा: निनेव्हेच्या राजवाड्यातला, द्राक्षवेलीच्या मांडवाखाली राजा पलंगावर रेलला आहे, राणी समोर खुर्चीवर बसली आहे, आणि एका झाडाला एलाम या शत्रुराज्याच्या राजाचं मुंडकं टांगलं आहे. बहुतेक लोक मुंडकं बघून पुढे जातात. तुम्ही पलंगाच्या पायाकडे बघा. तिथे खिडकीतून बाहेर पाहणाऱ्या बायकांचे चेहरे कोरलेले आहेत. आता हस्तिदंतांच्या कपाटाकडे परत या. तळहातात मावेल अशी चौकट, आतून डोकावणारी बाई, खाली छोट्या खांबांचा कठडा. तीच ती. पलंगाच्या कोणत्या जागी ती बसायची हे दगडातल्या चित्राने दाखवून दिलं.

सगळंच फर्निचर होतं असं मात्र नाही. घोड्याच्या डोळ्यांवरची झापडं आणि कपाळावरच्या पट्ट्या हस्तिदंताच्या आहेत, प्रसाधनाच्या डब्या आहेत, पंख्यांच्या मुठी आहेत. एका विहिरीत १९५३ साली मेण भरून लिहायच्या हस्तिदंती पाट्या मिळाल्या. त्या सार्गोन राजासाठी केलेल्या, आणि त्यांवर आकाशातल्या शकुनांचा ग्रंथ लिहिला होता.

माध्यमाबद्दल थोडं सांगते, कारण त्याशिवाय रंगांचं कोडं सुटत नाही. हत्तीचा सुळा एकावर एक बसलेल्या शंकूंसारखा वाढतो आणि मुळाकडचा बराच भाग पोकळ असतो. भरीव भाग टोकाकडे, तोही निमुळता. म्हणून तुकड्याची मापं कारागिराच्या मर्जीवर नसतात, सुळा ठरवतो. दुसऱ्या एका विहिरीतून निघालेला जो बाईचा चेहरा 'निमरूदची मोनालिसा' म्हणून ओळखला जातो तो १६ सेंटीमीटर उंच आहे. एवढा चेहरा अखंड निघायला सुळा किती जाड लागला असेल, याचा विचार करून मी दर वेळी थबकते. करवत, पटाशी, कानस आणि दोरीने फिरवायचा सामता, एवढ्या हत्यारांवर हे काम झालं. हत्ती त्या काळी सीरियातही होते. पहिला तिग्लाथ-पिलेसर या ॲसिरियन राजाने हारान आणि खाबूर नदीच्या भागात दहा हत्ती मारले आणि चार जिवंत पकडले, असं त्याच्याच लेखात आहे. तिथले हत्ती नंतर संपले. हस्तिदंताची ही हौस त्याला कारण नव्हती असं म्हणायला मला जीभ रेटत नाही.

आता रंग. पांढरा हस्तिदंत ही आपली समजूत आहे. हे तुकडे त्या काळी झगमगत असत. वरून सोन्याचा वर्ख, आणि कोरलेल्या बारीक कप्प्यांत निळी-लाल काच किंवा रत्नं. आपल्याकडचे सोनार ज्याला कोंदण म्हणतात त्याच बुद्धीचं काम, फक्त भिंती सोन्याच्या नसून हस्तिदंताच्या. कप्प्याच्या तळाशी निळ्या रंगाची पूड घातलेला लेप असे, वरची काच किंवा खडा त्यामुळे अधिक उठून दिसे. इ.स.पू. ६१४ ते ६१२ च्या दरम्यान मीड आणि बॅबिलोनच्या फौजांनी ही शहरं पाडली, तेव्हा लुटारूंना हवं होतं सोनं. त्यांनी ते ओरबाडलं आणि हस्तिदंत फेकून दिला. इमारतींना आग लागली. हस्तिदंत जळतो तेव्हा आधी त्यातला सेंद्रिय भाग कोळपून काळा पडतो, उष्णता वाढली की निळसर करडा होतो आणि शेवटी खडूसारखा पांढरा, ठिसूळ. तुम्ही पाहिलेले काळे-करडे तुकडे त्या आगीतले आहेत. एकाच तुकड्यावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत छटा दिसल्या तर आगीचा जोर कोणत्या बाजूला होता तेही सांगता येतं.

विहिरीत पडलेले तुकडे मात्र चिखलात सुखरूप राहिले. १९५२ साली ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवन यांनी निमरूदच्या वायव्य राजवाड्यातली विहीर उपसली तेव्हा तो चेहरा आणि दोन जुळ्या पाट्या निघाल्या. त्यातली एक पाटी तुम्ही लंडनमध्ये पाहिली असणार, न पाहिली असेल तर पुढच्या वेळी आधी तिच्याकडे जा. जेमतेम १० सेंटीमीटरचा चौकोन. सिंहिणीने एका आफ्रिकी वळणाच्या तरुणाचा गळा धरला आहे. तो दोन्ही हात मागे टेकून रेलला आहे, मान मागे पडली आहे. सिंहिणीचा एक पुढचा पाय त्याच्या मानेभोवती असा आला आहे की क्षणभर ती त्याला कवेत घेते आहे असं वाटतं. मागे फुलांची दाट जाळी, फुलांत निळा लाजवर्द आणि तांबडा अकीक भरलेला. लाजवर्द अफगाणिस्तानातल्या बदख्शानकडून आलेला. तरुणाच्या कमरेच्या वस्त्रावर सोनं आहे. आणि केस! प्रत्येक कुरळी बट म्हणजे हस्तिदंताची वेगळी, टाचणीच्या डोक्याएवढी खुंटी, टोकाला सोनं लावून डोक्यात ठोकलेली. मी भिंग घेऊन त्या केसांपुढे बराच वेळ उभी होते. इतकं बारीक काम, आणि तेही एखाद्या खुर्चीच्या किंवा सिंहासनाच्या कुठल्यातरी भागावर बसवायला. त्याचं जोडीदार फलक बगदादला गेलं होतं. एप्रिल २००३ मध्ये इराक म्युझियम लुटलं गेलं त्यात ते गेलं. अजून मिळालेलं नाही.

जतनाच्या बाजूने पाहिलं तर या हस्तिदंतांचा इतिहास म्हणजे आमच्या पेशाचाही इतिहास आहे. ऑस्टेन हेन्री लेयार्ड या ब्रिटिश उत्खननकर्त्याला १८४५ साली पहिले तुकडे मिळाले ते हात लावताच भुगा होत होते. लंडनला ते जिलेटिनमध्ये उकळून घट्ट केले. कल्पना चुकीची नव्हती. जमिनीत राहून हस्तिदंतातलं कोलॅजन, म्हणजे त्याला बळ देणारं प्रथिन, निघून जातं, आणि जिलेटिन म्हणजे शिजवलेलं कोलॅजनच, गेलेलं बळ परत भरण्याचा तो प्रयत्न. पण जिलेटिन सुकताना आकसतं, दमटपणात बुरशी धरतं. आज आम्ही पॅरालॉइड बी-७२ सारखं ॲक्रिलिक राळेचं पातळ द्रावण वापरतो, कारण ते पुढे कुणाला काढावंसं वाटलं तर काढता येतं.

अगाथा ख्रिस्ती या मॅलोवन यांच्या पत्नी. निमरूदला हस्तिदंत साफ करायला त्या नखांसाठीची लाकडी काडी, विणायची बारीक सुई आणि स्वतःचं चेहऱ्याला लावायचं क्रीम वापरत. खाचांतली माती क्रीमने मऊ होऊन सुटायची. आज कुणी क्रीम लावलं तर मी ओरडेन, कारण तेल हस्तिदंतात मुरतं आणि पुढे धूळ धरून ठेवतं. पण लाकडाची काडी आम्ही अजून वापरतो. मी बांबूच्या कामटीला तासून टोक काढते. धातूचा ओरखडा कायमचा राहतो, बांबू आधी स्वतः मोडतो. आणि विहिरीतून निघालेले तुकडे त्यांनी ओल्या फडक्याखाली ठेवून कित्येक आठवडे हळूहळू सुकवले, ते अगदी बरोबर होतं. भिजलेला हस्तिदंत एकदम वाळवला की कांद्याच्या पापुद्र्यासारखे थर सुटतात. हे मी स्वतः भोगलं आहे. सुरुवातीच्या काळात एका संग्रहालयात पुराच्या पाण्यात भिजलेली एक छोटी डबी कुणीतरी घाईने दिव्याखाली ठेवली होती. माझ्याकडे आली तोवर झाकणाचे चार पापुद्रे झाले होते. घरात आजीची हस्तिदंती फणी किंवा कुंकवाची डबी असेल तर ती पाण्याने धुऊ नका, उन्हात ठेवू नका, तेल चोळू नका. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडा, बास.

सगळ्यात मोठा साठा सापडला तो राजवाड्यात नाही, तिसऱ्या शल्मनेसरने बांधलेल्या शस्त्रागारात, ज्याला आज फोर्ट शल्मनेसर म्हणतात. १९५७ ते १९६३ या काळात तिथे हजारो तुकडे निघाले. एका कोठीत खुर्च्यांच्या पाठी ओळीने रचून ठेवलेल्या होत्या, लाकूड गेलेलं, हस्तिदंत जागच्या जागी. ते उत्खनन माझ्या मते फार मोलाचं, कारण सुटा तुकडा सुंदर असतो पण ओळीत पडलेला तुकडा खुर्ची सांगतो. निमरूदच्या उत्खननांत निघालेले साधारण ६,००० नग, अखंड आणि फुटके मिळून, ब्रिटिश म्युझियमने २०११ मध्ये ११.७ लाख पौंडांना विकत घेतले. त्याआधी ते दशकानुदशकं कोठारात पडून होते. बगदादकडे गेलेल्या वाट्याचे हाल झाले. काही बँकेच्या तळघरात सुरक्षित म्हणून ठेवलेले, तिथे पाणी शिरलं. आणि २०१५ मध्ये निमरूदचा वायव्य राजवाडाच सुरुंग लावून उडवला.

आता जावयांच्या तुकड्याचं. घेऊ नका. इराकमधून ऑगस्ट १९९० नंतर बेकायदा बाहेर पडलेल्या पुरातन वस्तूंच्या व्यवहाराला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या २००३ च्या ठराव क्रमांक १४८३ ने मनाई आहे, आणि भारतात हस्तिदंताची खरेदी-विक्री वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, तुकडा कितीही जुना सांगितला तरी. तो बनावट असण्याचीच शक्यता अधिक. आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानदार रेघांची जाळी दिसली तरच तो हत्तीचा दात, हाडात तशी जाळी नसते, काळे-तपकिरी ठिपके दिसतात. पण हे तपासायलाही तो मागवू नका. विक्रेत्याने लावलेले फोटो आणि पानाचा पत्ता जपून ठेवा. फोटोत पाठीमागची बाजू दाखवली असेल तर मला पाठवा. खाच, खुंटीचं भोक किंवा अक्षर दिसलं तर ते छापील सूचींशी ताडून पाहता येईल, आणि जुळलं तर कुणाला कळवायचं ते मी सांगेन.